गोव्याहून परदेशी जाणारे फादर आणि सिस्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत माझं तिकीट आणि व्हिसाच्या कागदपत्रांचं छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक तारवटी (बोटीवरचे खलाशी), आखातात नोकरीला जाणारे, पोरांकडे लंडनला निघालेल्या आया. अधूनमधून फादर आणि सिस्टर. मी हिंदू, फोंड्याकडचा, घरात पहिल्यापासून मराठी पेपर. त्यामुळे सांगली-कोल्हापूरकडचे पाहुणे जुनं गोवं बघून आले की त्यांचे सगळे प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. "हे लोक तिकडे जाऊन करतात तरी काय?" हा त्यातला ठरलेला. वीस-बावीस वर्षं या मंडळींचे अर्ज भरता भरता, समोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी जे सांगितलं त्यातून, आणि थोडं वाचून जे कळलं ते इथे लिहितो आहे. आता कुणी विचारलं की हेच वाचायला देणार.

मिशनरी म्हणजे नेमकं कोण? चर्चमधला प्रत्येक पाद्री मिशनरी असतो का?

नाही. गावच्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, विगार (मुख्य पाद्री) हा आर्चबिशपांच्या हाताखाली काम करतो. दर काही वर्षांनी त्याची बदली होते, पण गोव्यातल्या गोव्यात, बार्देशातून सासष्टीत, फार तर तिसवाडीत. मिशनरी या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच 'पाठवणे' असा आहे. जो पाठवला गेला तो मिशनरी. पाठवणारी असते संस्था : जेझुइट, डॉन बॉस्कोवाले सालेशियन, कापुचिन, पिलारचे फादर, शिवाय सिस्टरांच्या कितीतरी संस्था. जगभर बघितलं तर सिस्टरांची संख्या फादरांपेक्षा बरीच जास्त आहे. आपण मात्र मिशनरी म्हटलं की दाढीवाला, पांढऱ्या झग्यातला गोरा पुरुष डोळ्यांपुढे आणतो.

पण मिशनरी तर बाहेरून गोव्यात यायचे ना? गोव्यातून बाहेर जाणं कधी सुरू झालं?

आपल्याला वाटतं त्याच्या फार आधी.

येणाऱ्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. फ्रान्सिस झेवियर स्पेनकडच्या नवारचे. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले, हातात घंटा घेऊन रस्त्यावरून फिरत पोरांना गोळा करायचे. पुढे तमिळ किनारा, मलाक्का, जपान, आणि १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या दारातल्या एका बेटावर मृत्यू. त्यांचं शव १५५४ मध्ये गोव्यात आलं. 'गोंयचो सायब' म्हणून बॉम जेझू बासिलिकात ज्यांच्यापुढे हिंदूही हात जोडतात ते हेच.

जाणाऱ्यांची गोष्ट कमी सांगितली जाते. जुझे वाझ यांचा जन्म १६५१ चा, बाणावलीतला. मूळ घर सांकवाळचं, घरची बोली कोंकणी. त्या काळी युरोपियनांचे धर्मसंघ देशी माणसाला सहसा आत घ्यायचे नाहीत. म्हणून इथल्याच देशी पाद्रींनी जुन्या गोव्यात आपला संघ उभा केला. वाझ त्यात १६८५ मध्ये आले आणि १६८७ मध्ये श्रीलंकेत पोचले. तिथल्या किनाऱ्यावर तेव्हा डच सत्ता होती आणि डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली. हे गेले भिकाऱ्याच्या वेषात. जाफन्याला उतरताना अतिसाराने अर्धमेले झालेले. गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागायची. ती माळ बघून कुणाचा चेहरा बदलला तर तो आपला माणूस, अशी ओळख पटवायची. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

अलीकडचं म्हणाल तर पिलारच्या फादरांची संस्था १८८७ मध्ये काणकोणातल्या आगोंदला सुरू झाली आणि नंतर पिलारच्या टेकडीवर आली. संस्थेच्या नावात झेवियर, पण माणसं इथलीच.

कुठे जायचं हे त्यांचं ते ठरवतात का?

इच्छा विचारतात. निर्णय वरिष्ठांचा.

मला हे कळायला वेळ लागला. एका फादरांनी ऑफिसात येऊन विचारलं होतं, "या गावाला जवळचा विमानतळ कुठला?" देश आफ्रिकेतला. गावाचं नाव त्यांना आदल्या आठवड्यात कळलेलं. मी म्हटलं, फादर, तुम्हाला जायचंय ना तिथे? ते हसले. "जायचं आहे का हे मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही." दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं संघातले लोक घेतात. बाहेरच्यांना त्यातलं ब्रह्मचर्यच तेवढं दिसतं, सगळे प्रश्न त्याबद्दल. आतले लोक म्हणतात, वय वाढेल तसं सगळ्यात जड जातं ते आज्ञापालन. दहा वर्षं खपून एखादी शाळा उभी केली, गाव ओळखीचं झालं, भाषा तोंडात बसली, आणि एक पत्र येतं : बदली.

तयारी किती वर्षांची असते?

बारावीनंतर धरलं तर दहा वर्षं सहज. चर्चच्या कायद्यात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून निदान ६ वर्षं हवीत आणि पाद्री होताना वय निदान २५. जेझुइटांचं शिक्षण याहून लांब चालतं.

तिकडे दिवस कसा जातो? दिवसभर प्रार्थनाच का?

प्रार्थना असते, पण पहाटे आणि संध्याकाळी. उजाडायच्या आधी उठणं, स्तोत्रं, मीस म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. मधला दिवस कुठल्याही गावच्या मुख्याध्यापकाचा, ग्रामसेवकाचा आणि गॅरेजवाल्याचा एकत्र करावा तसा. जनरेटर बंद पडला. बोअरचं पाणी खारं झालं. होस्टेलच्या चाळीस पोरांचं पीठ संपलं. देणगीदाराला अहवाल हवा आहे, फोटोसकट, शुक्रवारपर्यंत. तिकडून सुट्टीवर आलेल्या एका फादरांनी मला जीपच्या क्लचप्लेटविषयी अर्धा तास ऐकवलं होतं. येशूचं नाव त्यात एकदाही आलं नाही.

देशाप्रमाणे दिवसाचा रंग बदलतो. आफ्रिकेतल्या मोठ्या पॅरिशमध्ये मुख्य चर्चखाली लांबलांबची छोटी कपेलं असतात. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा जरी जायचं म्हटलं तरी शनिवार-रविवार रस्त्यातच जातात. बाकीच्या रविवारी गावातला शिकवलेला एखादा माणूस प्रार्थना चालवतो. आखातात उलट : एकच आवार, आणि एकामागोमाग एक मीस, इंग्रजी, मल्याळम, तमिळ, टागालोग, कोंकणी. बहुतेक ठिकाणी सुट्टीचा वार शुक्रवार, म्हणून 'रविवारची' गर्दी शुक्रवारी. कुवेतला असलेला आमचा एक शेजारी सांगायचा की तिथल्या कोंकणी मिसेला त्याला जेवढे सासष्टीकर भेटले तेवढे मडगावच्या बाजारातही भेटले नव्हते. तिथे धर्माचा प्रचार आवाराबाहेर करता येत नाही. सौदीत तर आवारच नाही, बिगरमुस्लिमांना सार्वजनिक प्रार्थनेची मुभा नाही.

सगळ्यात मोठी अडचण कोणती? जंगल, आजार, विरोध?

हा प्रश्न मी स्वतः बऱ्याच जणांना विचारला आहे. साप, मलेरिया, बंदुका अशी उत्तरं मिळतील असं वाटायचं. बहुतेकांनी एकच उत्तर दिलं : भाषा.

चाळिशीचा माणूस, दोन पदव्या घेतलेला, इकडे हजार लोकांसमोर बोलणारा. तिकडे गेल्यावर त्याला मीठ मागता येत नाही. स्वयंपाकीण हसते, पोरं नक्कल करतात. पहिलं वर्ष भाषा शिकण्यातच जातं, आणि त्या वर्षात तो कुणीच नसतो. फादर नाही, विद्वान नाही, विनोदी तर नाहीच नाही. एक सिस्टर म्हणाल्या होत्या, "मी माझ्या भाषेत हुशार आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं." मला ते वाक्य विसरता येत नाही.

झेवियरांचीही यातून सुटका झाली नव्हती. १५४९ मध्ये ते जपानला पोचले तेव्हा, आपण या लोकांमध्ये पुतळ्यासारखे उभे आहोत, अशा अर्थाचं त्यांनी पत्रात लिहिलं. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी दुभाष्या होता, त्याचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यातच झालेला. देवासाठी जपानी शब्द काय, असं विचारल्यावर त्याने 'दाइनिची' सांगितला. झेवियर दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगत सुटले. बौद्ध भिक्षू खूश, कारण दाइनिची हे त्यांच्याच एका पंथातल्या बुद्धाचं नाव! चूक ध्यानात आल्यावर त्यांनी तो शब्द टाकला आणि सरळ लॅटिन 'देउस' वापरायला सुरुवात केली. धर्माची सगळी इमारत एका शब्दावर उभी, आणि तोच शब्द दुसऱ्याच्या मालकीचा निघाला.

उलट बाजूला फादर स्टीफन्स. हा माणूस इंग्रज. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून गलबतात बसला, ऑक्टोबरात गोव्यात उतरला. सासष्टीत वर्षानुवर्षं राहिला आणि मराठी अशी शिकला की तिच्यात ओवीबद्ध पुराण लिहिलं. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे आजच्या राशोलला, छापलं गेलं. ओव्या ११,००० च्या आसपास. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून छपाई रोमन लिपीत. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटलं. झेवियर ज्या खड्ड्यात पडले तिथेच यांनी बेधडक घर बांधलं, असं मला हे वाचताना नेहमी वाटतं. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या आपण शाळेत पाठ करतो, पण एका परक्या माणसाला त्या ओवीपर्यंत पोचायला किती वर्षं हशा सोसावा लागला असेल याचा विचार कुणी करत नाही. गोव्यात मराठी की कोंकणी यावरून आम्ही एकमेकांची डोकी फोडायला निघालो होतो. या गृहस्थाने मराठीत पुराण लिहिलं, कोंकणीचं व्याकरणही लिहिलं आणि दोन्ही पक्षांची पंचाईत करून ठेवली.

आणि दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस. जुझे वाझ यांच्या मागोमाग श्रीलंकेत गेलेले. त्यांनी सिंहलीत आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली कॅथलिक साहित्याची सुरुवात त्यांच्यापासून मोजतात. दिवाडीला फेरीबोटीने जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

आजच्या पोरांची परिस्थिती अशी. मोझांबिक किंवा अंगोलाला जायचं तर पोर्तुगीज लागते. आजोबांना ती यायची, नातवाला शून्यापासून शिकावी लागते. मेज, जनेल, पाव, चावी एवढं घरचं भांडवल असतं, त्यावर व्याकरण चालत नाही. आणि राजधानीतली पोर्तुगीज शिकून खेड्यात गेलं की तिथली बोली आणखी वेगळी.

त्यांना पगार किती मिळतो?

'पगार' हा शब्दच पोर्तुगीजांनी दिलेला, पण ज्यांच्यामुळे तो आला असं आपण समजतो त्यांना मात्र तो मिळत नाही. संघातल्या माणसाला खर्चापुरते पैसे मिळतात. शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी केली तर तो पगार संस्थेच्या खात्यात जातो. लोक एखाद्याच्या नावाने मीस सांगतात, त्याचे थोडे पैसे पाद्रीला मिळतात. तेही दिवसाला एकाच मिसेचे स्वतःकडे ठेवायचे असा नियम आहे. गरीब देशातल्या फादरांना असे मिसेचे पैसे श्रीमंत देशातून पाठवले जातात, आणि त्यावर त्यांचं पेट्रोल चालतं. विगार वगैरे धर्मप्रांताचे पाद्री दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, त्यांच्या नावावर घर-जमीन असू शकते. हा फरक गोव्यातही फार जणांना माहीत नसतो.

"परदेशातून डॉलर येतात" हेही नेहमी ऐकू येतं. येतात, पण भारतात येणाऱ्या परकीय देणगीला २०१० चा कायदा लागू आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर असा प्रत्येक पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच यावा लागतो. संस्था ख्रिस्ती असो की हिंदू, नियम एकच.

व्हिसा सहज मिळतो का?

नाही, आणि हे मी धंदा म्हणून सांगतो. टुरिस्ट व्हिसावर जाऊन धर्मकार्य करणं बऱ्याच देशांत नियमभंग ठरतो. अमेरिकेत धर्मसेवकांसाठी वेगळा वर्ग आहे, त्यावर जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं. ब्रिटनमध्ये पाद्री म्हणून जायचं तर इंग्रजी येतं हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं, मग तुम्ही सेमिनारीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) दहा वर्षं इंग्रजीत शिकलेले का असेनात. कित्येक आफ्रिकी देशांत परवाना दर एक-दोन वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्या रांगेत फादर काय नि ठेकेदार काय, सारखेच.

गोव्याची खास गुंतागुंत म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या पोरा-नातवंडांनी तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, हातात ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, राहतं. ते कार्ड असलं की सगळं चालतं असा समज आहे. चालत नाही. मिशनरी काम करायचं तर कार्डधारकालाही सरकारची खास परवानगी लागते. २०२१ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे इथेच जन्मलेला माणूस स्वतःच्याच गावात परदेशी मिशनरी ठरू शकतो. हे समजावून सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही.

आजारपणाचं काय?

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत निघालेल्याला पीतज्वराची लस घ्यावीच लागते, तीही सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी. लशीचं पिवळं कार्ड हरवलं तर परत येताना भारतात उतरल्यावर अलग ठेवतात. एका सिस्टरांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि पुस्तक चेक-इनच्या बॅगेत. पुढचं विचारू नका.

मलेरियाबद्दल ते आपण सर्दीबद्दल बोलतो तसं बोलतात.

फादर आणि सिस्टर यांच्या अडचणी सारख्याच असतात का?

मुळीच नाही. फादर गावात पोचला की त्याला खुर्ची मिळते. सिस्टरला काम मिळतं. मिसेचे पैसे तिला नाहीत. प्रसूतिगृह, मुलींचं होस्टेल, अनाथाश्रम ही रात्रीही बंद न होणारी कामं बहुधा तिच्याकडे. माझ्या टेबलासमोर फादर बसले की विमानाची वेळ विचारतात. सिस्टर बसल्या की आधी भाडं विचारतात, मग त्याहून स्वस्त काही आहे का ते, आणि त्यासाठी दोन विमानतळांवर मिळून चौदा तास बसून राहायची त्यांची तयारी असते. त्यांची फाइल मात्र नेहमी चोख.

जिवाला धोका असतो का?

काही ठिकाणी असतो. ४ मार्च २०१६ ला येमेनमधल्या एडनमध्ये मदर तेरेसांच्या संस्थेच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला. ४ सिस्टर मारल्या गेल्या, त्यांतली एक भारतीय. केरळचे सालेशियन फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेलं. ते सुटले १२ सप्टेंबर २०१७ ला, दीड वर्षाने. त्याआधी २०१४ मध्ये तमिळनाडूचे जेझुइट फादर प्रेमकुमार यांना अफगाणिस्तानात हेरातजवळ पळवलं होतं, ते आठ महिन्यांनी परतले.

दोघेही तिथे कुणाला ख्रिस्ती करत नव्हते. एक वृद्धाश्रमाच्या सिस्टरांसाठी मीस म्हणायला राहिलेले, दुसरे परत आलेल्या निर्वासितांच्या शाळा बघणारे.

खरं सांगा, धर्मांतर करायलाच जातात ना?

हा प्रश्न पाहुणे आवाज खाली करून विचारतात. मी मोठ्याने उत्तर देतो.

धर्म सांगणं हे मिशनरीच्या कामात आहेच, ते कुणी लपवत नाही. पोर्तुगीजांनी देवळं मोडली तेव्हा आमची कुळदेवता शांतादुर्गा केळशीहून नदी ओलांडून कवळ्याला का आली हे मला आजीने सांगितलेलं आहे. मंगेश कुठ्ठाळीहून का निघाला, म्हाळसा वेर्ण्याहून का, हे अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याकडचं, पोर न शिकवता शिकतं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये बसलं ते मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत टिकलं. ते इथे यावं असं पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये लिहिणाऱ्यांत खुद्द झेवियरही होते. आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीत लोकांनी ५ जेझुइटांना मारलं, त्यानंतर पोर्तुगीजांनी बोलणीच्या मिषाने गावच्या पुढाऱ्यांना बोलावून मारलं, हेही त्याच इतिहासात आहे.

म्हणून मी एकच बघतो : मिशनऱ्याच्या मागे सत्ता उभी होती की समोर? सासष्टीत ती मागे होती. जुझे वाझ यांच्या समोर होती. डचांची बंदी, वर श्रीलंकेतल्याच कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून १६९२ मध्ये कैदेत टाकलेलं. पुढे १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक घरच्या रोग्यांना रानात टाकून पळाले, तेव्हा हा माणूस त्यांना आंघोळ घालत, भरवत, मेलेल्यांना पुरत फिरला. राजाने बघितलं आणि त्याला मोकळीक दिली. एकाच धर्माची, एकाच गोव्यातली ही दोन कामं. दोन्हींना 'मिशन' हाच शब्द आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आज माझ्या टेबलावरून जाणाऱ्यांच्या मागे कुठलीही सत्ता नसते. परवाना नवा करायचा म्हटलं तरी त्यांचे हात थरथरतात.

सगळे मिशनरी अविवाहितच असतात का?

कॅथलिक पाद्री आणि सिस्टर अविवाहित. प्रोटेस्टंट मिशनरी मात्र संसारासकट जातात. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनच्या पहिल्या दोघांपैकी एक बायकोसह आला, त्याच मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला निघालं. त्यांची काळजी वेगळी : पोरांची शाळा, आणि मोठी झाल्यावर 'तुझं गाव कुठलं' या प्रश्नाला पोरांनी द्यायचं उत्तर.

घरची आठवण येते का? आई-वडील आजारी पडले तर?

सुट्टी साधारण दोन-तीन वर्षांनी एकदा मिळते, संस्थेप्रमाणे कमीजास्त. आई-वडील अत्यवस्थ असले तर बहुधा सोडतात. पण सोडणं आणि पोचणं यात तीन विमानं असतात. रात्री अकराला मला फोन येतो, तो अशाच कामासाठी. मी दोनदा असं तिकीट काढून दिलं आहे ज्याचा माणूस मातीला पोचला नाही.

पूर्वी तर पत्रांवरच सगळं होतं. झेवियर आपल्या दूरच्या सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून छातीशी बाळगायचे. जेझुइटांचे प्रमुख इग्नेशियस लोयोला यांनी १५५३ च्या जूनमध्ये त्यांना युरोपला परत बोलावणारं पत्र लिहिलं, तेव्हा ज्याला बोलावलं तो माणूस सहा महिन्यांपूर्वीच गेलेला होता. रोमला कळायचंच होतं. जुझे वाझ नऊएक वर्षं श्रीलंकेत एकटे पाद्री होते. सगळ्या बेटाचे पापनिवेदन ऐकणाऱ्याला स्वतःचं सांगायला कुणी नाही.

आता व्हॉट्सॲप आहे. बाणावलीतल्या तेर्साला, म्हणजे घरच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, आफ्रिकेतला मुलगा व्हिडिओ कॉलवर हजर असतो. सोपं झालं का? एक फादर म्हणाले, पूर्वी घरी काय चाललंय ते कळायचं नाही म्हणून झोप लागायची.

युरोपात कशाला जातात? तिथे तर सगळे ख्रिस्तीच.

होते. आता तिथे पाद्री मिळत नाहीत, म्हणून भारतातून जातात. जर्मनी-इटलीकडच्या खेड्यांत एकाच फादरकडे तीन-चार चर्च, प्रत्येक चर्चमध्ये पंधरा-वीस म्हातारी माणसं, बाप्तिस्म्यापेक्षा मर्तिकं जास्त. डिसेंबरात चारला अंधार. आपल्याकडे पाद्रीबाब रस्त्याने निघाला की दहा घरांतून हाक येते. तिकडे शेजारचं दार वर्षभर बंद. मलेरियाच्या गावातून आलेले लोक तरतरीत दिसतात, युरोपातून आलेले थोडे गप्प. हे माझं निरीक्षण, कुणी वाद घालायला आलं तर चहा पाजीन.

परत आल्यावर काय?

याचा विचार कुणी करत नाही. वीस वर्षांनी माणूस येतो तर शेताच्या जागी इमारत, भाऊ वारलेला, भाच्यांची लग्नं होऊन ती पोर्तुगालमार्गे लंडनला पोचलेली. कोंकणी बोलताना मध्येच स्वाहिली शब्द. पाद्री झाल्यावरच्या पहिल्या, 'नव्या मिसे'च्या दिवशी सगळ्या वाड्याने ज्याचा हात चुंबला होता, त्याला आता आधार कार्डासाठी रांगेत 'बाबा, तुमचा पत्ता कुठला?' विचारतात. पत्ता असतो संस्थेच्या मठाचा.

काही जण येतच नाहीत, तिकडेच राहतात आणि तिकडेच मातीआड होतात. जुझे वाझ १७११ मध्ये कँडीत वारले; त्यांची कबर नेमकी कुठे हे आज सांगता येत नाही. नवारचा माणूस जुन्या गोव्यात चांदीच्या पेटीत, आणि बाणावलीचा माणूस कँडीच्या मातीत, जागेशिवाय.

आमच्या ओळखीचे फादर परदेशात आहेत. त्यांना काय पाठवावं?

चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, नको. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. लोक तरी कपड्यांत गुंडाळून पाठवतात आणि मग मला फोन करतात. सुकी सुंगटं (कोळंबी) वासावरून पकडली जातात. लोणच्याचं तेल गळतं.

सोलं, म्हणजे आमसुलं, पाठवा. दोन पिशव्यांत, वर मीठ भुरभुरून, आणि पिशवीवर 'ड्राइड फ्रूट' असं लिहून. ती काळी, दमट सालं बघून तपासणीवाला हमखास विचारतो, हे काय आहे. फादर मग नव्याने शिकलेल्या भाषेत त्याला कढी समजावून सांगतात.